मूल हवे म्हणून मधुमेहाचे औषध: कोणते चालते, कोणते आधी थांबवायचे?

"डॉक्टर, मला शुगर आहे का हो?" असे विचारत २७ वर्षांची एक मुलगी गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात आली. लग्नाला तीन वर्षे झाली होती. पाळी दोन-दोन महिने यायची नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला एक गोळी लिहून दिली होती. औषधाच्या दुकानात पाकीट हातात देताना दुकानदार सहज बोलून गेला, "शुगरची गोळी आहे, जेवण झाल्यावर घ्या." सोबत सासूबाई होत्या. घरी गेल्यावर विषय निघाला: हिला लग्नाआधीपासूनच मधुमेह असणार, माहेरच्यांनी लपवला. मुलीने घाबरून गोळी बंद केली. माझ्याकडे आली तेव्हा गोळी बंद होऊन चार महिने झाले होते.

तिचे रिपोर्ट मी पाहिले. उपाशीपोटीची साखर नॉर्मल, जेवणानंतरचीही नॉर्मल. तिला मधुमेह नव्हता. गोळी मेटफॉर्मिनची होती आणि ती पीसीओएससाठी दिली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी ३४ वर्षांची दुसरी एक रुग्ण आली. वजन कमी करण्यासाठी ती आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन घेत होती. वजन नऊ किलोने उतरले होते, ती खूश होती. मळमळते म्हणून आली होती. पाळीबद्दल विचारले तर म्हणाली, "माझी नेहमीच चुकते, त्याचं काही नाही." लघवीची तपासणी केली. दिवस गेले होते. सोनोग्राफीत नऊ आठवडे निघाले. तोपर्यंत इंजेक्शन चालूच होते.

दोघींची औषधे मूळ मधुमेहाचीच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एकीने घ्यायला हवे ते औषध भीतीपोटी सोडले. दुसरीला औषध कधी सोडायचे हे कोणी सांगितलेच नव्हते. गेल्या वर्ष-दीड वर्षात अशा शंका घेऊन येणाऱ्या स्त्रिया आणि जोडपी खूप वाढली आहेत. म्हणून हा लेख.

आत्ताच हा विषय का निघाला?

मधुमेहाच्या औषधांच्या बाबतीत भारतात थोड्या काळात बरेच काही घडले. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने बाजारात आले. जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन 'वेगोवी' आले आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच औषधाचे मधुमेहासाठीचे 'ओझेम्पिक'. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट संपले आणि देशी कंपन्यांना स्वस्त आवृत्त्या काढण्याची वाट मोकळी झाली. जे औषध कालपर्यंत मोठ्या शहरातल्या श्रीमंतांचे वाटत होते, त्याची चौकशी आता तालुक्याच्या गावातही होते.

याच काळात परदेशातल्या बातम्यांतून 'ओझेम्पिक बेबी' हा शब्द आपल्याकडे पोचला. वर्षानुवर्षे मूल न झालेल्या काही स्त्रियांना ही इंजेक्शने घेताना अचानक दिवस गेले, त्याच्या या गोष्टी. त्या वाचून काही जणी विचारतात, "मग मूल होण्यासाठीच हे इंजेक्शन घेऊ का?" थोडक्यात उत्तर आहे: नाही. पण हे 'नाही' का, हे समजून घेतले तर निर्णय तुमचे तुम्हालाच नीट घेता येतील.

साखरेच्या औषधाचा आणि मूल होण्याचा संबंध काय?

इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवणारे हार्मोन. काही जणांचे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग तेच काम करून घेण्यासाठी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करते. साखर नॉर्मल राहते, पण रक्तात इन्सुलिन वाढलेले असते. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. तपासणीत 'शुगर नॉर्मल' असूनही हे असू शकते.

हे जास्तीचे इन्सुलिन अंडाशयापर्यंत पोचते आणि तिथे पुरुषी हार्मोन वाढवते. त्यामुळे स्त्रीबीज पूर्ण वाढत नाही, वेळेवर बाहेर पडत नाही. पाळी लांबते, चेहऱ्यावर नको तिथे केस येतात, मुरुमे येतात. पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांमध्ये असेच घडत असते. बीजच बाहेर पडले नाही तर गर्भ राहणार कसा?

म्हणजे इन्सुलिनचे हे ओझे कमी केले तर बीज पुन्हा बाहेर पडू लागण्याची शक्यता वाढते. हे तीन मार्गांनी होऊ शकते: वजन कमी करून, मेटफॉर्मिनने किंवा दोन्ही मिळून. १९९४ मध्ये व्हेनेझुएलातील डॉक्टरांनी पीसीओएस असलेल्या २६ स्त्रियांना मेटफॉर्मिन दिले. काहींची पाळी नियमित झाली, काहींना दिवसही गेले. तेव्हापासून ही गोळी मधुमेहाबाहेरही वापरली जाऊ लागली.

म्हणून घरातल्या मंडळींना एक गोष्ट स्पष्ट सांगा: मेटफॉर्मिन चालू आहे याचा अर्थ मधुमेह आहे असा होत नाही. मधुमेह आहे की नाही हे रक्ततपासणीवरून ठरते, गोळीच्या नावावरून नाही.

मेटफॉर्मिनने मूल होते का?

होऊ शकते, पण एकट्या मेटफॉर्मिनवर फार भरवसा ठेवू नका. यावर अमेरिकेत ६२६ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पीसीओएसमुळे मूल न होणाऱ्या स्त्रियांचे तीन गट केले होते. एका गटाला फक्त मेटफॉर्मिन, दुसऱ्याला बीज वाढवणारी क्लोमिफेन ही गोळी आणि तिसऱ्याला दोन्ही. सहा महिन्यांच्या उपचारांतून मूल जन्माला येण्याचे प्रमाण असे होते:

- फक्त मेटफॉर्मिन: ७.२ टक्के
- फक्त क्लोमिफेन: २२.५ टक्के
- दोन्ही मिळून: २६.८ टक्के

म्हणजे बीज वाढवण्याच्या औषधाने मेटफॉर्मिनच्या तिप्पट स्त्रियांना मूल झाले. पुढे २०१४ मध्ये ७५० स्त्रियांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लेट्रोझोल या गोळीने २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफेनने १९.१ टक्के. आज पीसीओएसमध्ये बीज तयार होत नसेल तर लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचे औषध मानले जाते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

लेट्रोझोलबद्दल आपल्याकडे अजून थोडी भीती आहे, त्याला कारण आहे. वंध्यत्वासाठी हे औषध वापरण्यावर भारतात २०११ मध्ये बंदी आली होती. ती २०१७ मध्ये उठली. तुमच्या मोठ्या बहिणीला तिच्या वेळी दुसरी गोळी दिली असेल आणि तुम्हाला ही, तर त्यात डॉक्टरांचे काही चुकलेले नाही.

मग मेटफॉर्मिन कशासाठी? साखर वाढीकडे झुकलेली असेल, वजन जास्त असेल, लेट्रोझोल किंवा क्लोमिफेन एकट्याने काम करत नसेल, तेव्हा तिची मदत होते. टेस्ट ट्यूब बेबीच्या काही उपचारपद्धतींत अंडाशय धोकादायकरीत्या सुजण्याची शक्यताही ती कमी करते. ती सोबतीची गोळी आहे. दोन-दोन वर्षे फक्त मेटफॉर्मिन घेत वाट पाहणे, तेही वय तिशीच्या पुढे गेलेले असताना, योग्य नाही. हातातला वेळ पुन्हा मिळत नाही.

मेटफॉर्मिनबरोबर मायो-इनोसिटॉल असलेल्या गोळ्या आणि पावडरी खूप लिहिल्या जातात. त्यांनी मोठे नुकसान होते असे दिसत नाही, पण मूल होण्यासाठी त्यांचा पुरावा फारसा भक्कम नाही. महिन्याचे बजेट मर्यादित असेल तर तो खर्च आधी तपासण्यांवर करा.

मेटफॉर्मिन घेताना एवढे लक्षात ठेवा

- सुरुवात कमी मात्रेने होते, बहुधा ५०० मिलीग्रॅम, जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर. दर एक-दोन आठवड्यांनी डॉक्टर मात्रा वाढवतात. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा घेतली तर जुलाब, मळमळ, पोटात गुडगुड हमखास होते.
- हा त्रास बऱ्याच जणींना दोन-तीन आठवड्यांत कमी होतो. नाही झाला तर गोळी बंद न करता हळूहळू विरघळणाऱ्या प्रकाराबद्दल डॉक्टरांना विचारा.
- मधुमेह नसलेल्या स्त्रीची साखर फक्त मेटफॉर्मिनने सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. पण याच गोळीत ग्लिमेपिराइडसारखे दुसरे औषध मिसळलेले असेल तर उतरू शकते. पाकिटावरचे पूर्ण नाव वाचा. नावापुढच्या एका अक्षराने औषध बदलते.
- दीर्घकाळ घेतल्यास व्हिटॅमिन बी१२ कमी होऊ शकते. पूर्ण शाकाहारी असाल तर ते आधीच कमी असण्याची शक्यता जास्त. वर्षातून एकदा तपासून घ्या.
- मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असेल किंवा डाय देऊन सीटी स्कॅन करायचा असेल तर गोळी काही दिवस थांबवावी लागते का, ते विचारा.
- आणि एक महत्त्वाची सूचना. मूल आत्ता नको असेल, तर 'माझी पाळीच येत नाही, दिवस कुठून राहणार' या भरवशावर राहू नका. गोळी लागू पडली की पाळी येण्याच्या आधीच बीज बाहेर पडते. गर्भनिरोधक वापरा.

दिवस गेल्यावर मेटफॉर्मिन चालू ठेवायचे का, हे प्रत्येकीचे वेगळे असते. या गोळीने जन्मजात व्यंगे वाढतात असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र ती वारेतून बाळापर्यंत पोचते आणि तिच्यावर वाढलेल्या मुलांचे वजन पुढे थोडे जास्त असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. गर्भपात टाळण्यासाठी म्हणून सर्वांनाच ती द्यावी इतका पुरावाही नाही. म्हणून ती स्वतःहून बंद करू नका आणि आपणहून चालूही ठेवू नका. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना दाखवा.

आठवड्याची इंजेक्शने: इथे नियम वेगळा

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड भूक कमी करतात, पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतात आणि साखर उतरवतात. वजन बरेच कमी होते. पीसीओएसमध्ये एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के वजन उतरले तरी अनेकींची पाळी रुळावर येते. ७० किलोच्या स्त्रीसाठी हे फक्त साडेतीन ते सात किलो झाले. त्यामुळे या इंजेक्शनांनी पाळी सुरू होणे आणि दिवस राहणे यात चमत्कार काही नाही.

'ओझेम्पिक बेबी'मागे दुसरेही एक कारण असू शकते आणि ते फार कमी जणींना माहीत असते. पोट सावकाश रिकामे होत असल्याने तोंडावाटे घेतलेली गर्भनिरोधक गोळी अंगात कमी शोषली जाऊ शकते. टिर्झेपाटाइडच्या बाबतीत हे स्पष्टपणे दिसले आहे. म्हणून ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जून २०२५ मध्ये सूचना काढली. टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर पुढचे चार आठवडे, गर्भनिरोधक गोळीसोबत कंडोमही वापरावा. तांबीला ही अडचण नाही, कारण ती पोटातून शोषली जात नाही. शिवाय इंजेक्शनामुळे उलट्या-जुलाब होत असतील तर कोणतीही गोळी अंगी लागेलच याची खात्री नसते.

आता मुख्य मुद्दा. मेटफॉर्मिन घेत असताना दिवस राहण्याचा प्रयत्न करता येतो. ही इंजेक्शने घेत असताना तो करायचा नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत यातून गर्भाला इजा झाल्याचे दिसले आहे आणि माणसांतली माहिती अजून पुरेशी नाही. शिवाय गर्भाच्या वाढीच्या काळात आईची भूक मारणे आणि वजन झपाट्याने उतरवणे हे मुळातच उलट्या दिशेचे काम आहे.

त्यामुळे प्रयत्न सुरू करण्याआधी औषध बंद करून काही काळ थांबावे लागते:

- सेमाग्लुटाइड: किमान २ महिने आधी बंद. हे औषध अंगातून अगदी सावकाश बाहेर पडते.
- टिर्झेपाटाइड: किमान १ महिना आधी बंद.
- लिराग्लुटाइड, म्हणजे रोज घ्यायचे इंजेक्शन: मूल हवे असे ठरवले की प्रयत्नांआधीच बंद.

सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते. भारतात ती २०२२ पासून 'रायबेल्सस' नावाने आहे. 'मी इंजेक्शन घेत नाही, फक्त गोळी घेते' असे सांगणाऱ्या स्त्रियांनाही हाच दोन महिन्यांचा नियम लागू आहे. स्तनपानाच्या काळातही ही औषधे घ्यायची नाहीत.

या थांबण्याच्या काळात गर्भनिरोधक चालू ठेवायचे. अनेक जणी इथेच चुकतात. इंजेक्शन बंद केले की त्या दिवसापासून प्रयत्न सुरू करतात.

मग मूल व्हावे म्हणून ही इंजेक्शने घ्यावीत का?

केवळ त्या हेतूने नाही. २०२३ च्या त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये पीसीओएसमध्ये गर्भधारणेसाठी वजनाची औषधे वापरणे संशोधनापुरतेच मर्यादित ठेवावे, असे म्हटले आहे. वजन खूप जास्त आहे, सोबत मधुमेह किंवा रक्तदाब आहे आणि वय हाताशी आहे, अशा स्त्रीला डॉक्टर आधी वजन कमी करून मग गर्भधारणेचा बेत आखायला सांगू शकतात. तो निर्णय वैयक्तिक असतो. त्यात दोन हिशेब करावे लागतात.

पहिला हिशेब वजनाचा. सेमाग्लुटाइड बंद केल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनातले सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे एका मोठ्या अभ्यासात दिसले. आणि औषध बंद केल्यानंतरचा हाच काळ नेमका गर्भारपणाचा असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासात, गर्भधारणेच्या आधी किंवा सुरुवातीला ही औषधे बंद केलेल्या स्त्रियांचे वजन गर्भारपणात इतरांपेक्षा जास्त वाढले. गर्भारपणातला मधुमेह आणि मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही जास्त आढळले. म्हणजे इंजेक्शन चालू असतानाच आहाराची आणि चालण्याची सवय पक्की झाली नसेल तर मिळवलेले हातचे जाते.

दुसरा हिशेब वयाचा. इंजेक्शनाची मात्रा वाढवत नेऊन वजन उतरायला कित्येक महिने जातात, त्यावर दोन महिने थांबायचे. २६ वर्षांच्या मुलीला हे परवडेल. ३८ वर्षांच्या स्त्रीला वजनापेक्षा गेलेले वर्ष महाग पडू शकते, कारण वयाबरोबर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही घटतात. म्हणून पस्तिशीनंतर वजनाचे उपचार सुरू करण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या. वजन उतरल्यावर जाऊ, असे म्हणू नका.

टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार चालू असतील आणि बीज काढण्यासाठी भूल द्यायची असेल तर इंजेक्शन घेतले होते हे भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. पोटात अन्न साचून राहिलेले असू शकते आणि भुलेखाली ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

इंजेक्शन चालू असताना दिवस राहिले तर?

माझ्या दुसऱ्या रुग्णाचा पहिला प्रश्न होता, "आता पाडावं लागेल का?" नाही. इंजेक्शन ताबडतोब बंद करा आणि त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पण केवळ या औषधामुळे गर्भपाताचा निर्णय घेऊ नका.

धीर देणारी माहिती अशी. उत्तर युरोपातले चार देश, अमेरिका आणि इस्राईल इथल्या टाइप २ मधुमेह असलेल्या मातांच्या ५० हजारांहून अधिक गर्भारपणांचा अभ्यास झाला. त्यात गर्भधारणेच्या सुमारास या गटातली औषधे घेतलेल्या सुमारे ९०० माता होत्या. त्यांच्या बाळांमध्ये मोठ्या जन्मजात व्यंगांचे प्रमाण इन्सुलिन घेणाऱ्या मातांच्या बाळांपेक्षा लक्षणीय जास्त नव्हते. याचा अर्थ औषध सुरक्षित आहे असा नाही. अजाणतेपणी घेतले गेले असेल तर हातपाय गाळून बसण्याचे कारण नाही, एवढाच त्याचा अर्थ. १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी मात्र चुकवू नका.

मधुमेहासाठी इंजेक्शन घेत असाल तर ते बंद केल्यावर साखर वाढते. त्याजागी इन्सुलिन लगेच सुरू करावे लागू शकते. 'सगळी औषधे बंद' हा पर्याय नाही.

खरोखरच मधुमेह असेल तर

अशा स्त्रियांनी तर मूल होऊ देण्याचा बेत तीन ते सहा महिने आधी डॉक्टरांना सांगायला हवा. बाळाचे हृदय, मेंदू, मणका हे सगळे पहिल्या आठ आठवड्यांत आकाराला येते. पाळी चुकली हे लक्षात येईपर्यंत त्यातला बराच काळ गेलेला असतो. त्या काळातली वाढलेली साखर बाळाला अपाय करते. त्यामुळे आधी एचबीए१सी शक्यतो ६.५ टक्क्यांच्या खाली आणावे. ते १० टक्क्यांच्या वर असेल तर ते उतरेपर्यंत गर्भधारणा टाळणेच शहाणपणाचे.

आपल्याकडे मधुमेहाच्या एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते गर्भधारणेआधी बदलावे लागते. कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची काही औषधेही बदलावी लागतात. रक्तदाबाच्या गोळीच्या नावात शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येत असेल तर त्याबद्दल आवर्जून विचारा. फॉलिक अॅसिड किमान एक ते तीन महिने आधी सुरू करा. मधुमेह असेल तर त्याची मात्रा जास्त लागते, ती डॉक्टर ठरवतील.

नवऱ्याचे काय?

पहिल्या मुलीला मी विचारले, "तुमच्या मिस्टरांची तपासणी झाली का?" तीन वर्षांत झाली नव्हती. वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त आहे, त्यात दुखत-खुपत काही नाही. तिच्या आधी पत्नीला महिनोन्महिने औषधे देत राहणे म्हणजे निम्मा प्रश्नच न वाचता उत्तर लिहिणे.

नवऱ्याला मधुमेह असेल आणि तो मेटफॉर्मिन घेत असेल तर? २०२२ मध्ये डेन्मार्कच्या एका अभ्यासात अशा वडिलांच्या मुलांत काही व्यंगे थोडी जास्त दिसली होती आणि त्याची बरीच बातमी झाली. २०२४ मध्ये नॉर्वे आणि तैवानमधल्या मोठ्या अभ्यासात तसा संबंध आढळला नाही. पुरुषांनी घाबरून गोळी बंद करू नये. अनियंत्रित साखर स्वतःच शुक्राणू आणि लैंगिक क्षमता दोन्ही बिघडवते. तंबाखू, सिगारेट सोडणे आणि वजन आटोक्यात आणणे याचा फायदा पुरुषांनाही होतो.

डॉक्टरांकडे कधी जायचे, काय विचारायचे?

पाळी नियमित असेल आणि वय ३५ पेक्षा कमी असेल तर वर्षभर प्रयत्न करून पाहायला हरकत नाही. ३५ च्या पुढे सहा महिने. पाळीच अनियमित असेल तर थांबू नका, आत्ताच जा. जाताना सगळी पाकिटे सोबत न्या, आयुर्वेदिक आणि पावडरीसुद्धा. आणि हे विचारा:

१. ही गोळी मला मधुमेहासाठी दिली आहे की पीसीओएससाठी?
२. माझे बीज तयार होऊन बाहेर पडते आहे का, हे आपण कसे पाहणार?
३. किती महिने हा उपचार करायचा आणि नाही जमले तर पुढची पायरी कोणती?
४. यातले कोणते औषध दिवस राहण्याच्या आधी बंद करायचे? किती आधी?
५. पाळी चुकली तर त्या दिवशी मी कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणती थांबवायची?
६. पतीची तपासणी केव्हा करायची?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घ्या. ऐनवेळी, रविवारी संध्याकाळी, दवाखाना बंद असताना तेच कामाला येते.

वजनाची इंजेक्शने ओळखीच्या कोणाकडून, ऑनलाइन किंवा चिठ्ठीशिवाय घेऊ नका. ती देताना तुम्हाला कोणी 'मूल हवे आहे का?' असे विचारले नसेल, तर तुम्ही स्वतःच ते सांगा.

त्या पहिल्या मुलीबरोबर मी पुढच्या वेळी सासूबाईंनाही बोलावले. रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला, साखरेचा आकडा दाखवला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "दुकानदारानं सांगितलं म्हणून आम्हाला वाटलं." मुलीने मेटफॉर्मिन पुन्हा सुरू केले. पतीची तपासणी झाली, ती ठीक आली. आता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लेट्रोझोलचा तिसरा महिना चालू आहे. निकाल अजून यायचा आहे. दुसऱ्या रुग्णाची सविस्तर सोनोग्राफी नॉर्मल आली, साखरेवर लक्ष ठेवून तिचे दिवस भरत आहेत.

औषधाच्या पाकिटावर ते कोणासाठी आहे हे लिहिलेले नसते. ते तुम्हाला का दिले आहे हे डॉक्टरांकडून समजून घ्या आणि घरच्यांनाही समजावून सांगा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचे औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.)